तक्रारीनंतरची बदली : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

कार्यालयातील लैंगिक छळाची तक्रार करणाऱ्या स्त्रीवर नंतर जो सूड उगवला जातो, त्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया ‘बाई, भावनेच्या भरात कायदा शिकवू नका’ या वाक्याने सुरू होते. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्यांनी स्वतःचे नावही दिलेले नाही, त्यांनी मला या सुरात गप्प बसवावे, हे मी चालवून घेणार नाही. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता, तर आपण त्याच्या भावना काढल्या असत्या का?

एक चूक मान्य करते. अशा तक्रारींची कार्यालयातच चौकशी करणाऱ्या समितीला मी ‘अंतर्गत तक्रार समिती’ असे लिहिले होते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात 2016 च्या दुरुस्तीनंतर ‘अंतर्गत समिती’ एवढेच नाव आहे. लेखात तसा बदल केला आहे.

आता आपले ते वाक्य : ‘बदली हा नोकरीचाच भाग आहे, तिला सूड म्हणणे हा निव्वळ कांगावा.’

2013 च्या कायद्याचे कलम 12 आपण वाचलेले दिसत नाही. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली करण्याची शिफारस समिती करू शकते, पण ती त्या स्त्रीने लेखी विनंती केल्यावर. पंजाब अँड सिंध बँकेच्या इंदूर येथील महिला अधिकाऱ्याने गैरव्यवहाराची आणि छळाची तक्रार केली आणि तिला जबलपूर जिल्ह्यातील सरसावा शाखेत पाठवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये ती बदली रद्द ठरवली आणि बँकेला 50,000 रुपये खर्च द्यायला लावला. न्यायालयानेही कांगावाच केला, असे आपले म्हणणे आहे काय?

मी हे पुस्तकात वाचून लिहीत नाही. पणजीतील एका खासगी कार्यालयात मी हिशेबनीस होते. वरिष्ठांविरुद्ध लेखी तक्रार दिल्यानंतर तीन आठवड्यांत माझी काणकोणला बदली झाली. पहाटे म्हापशाहून निघायचे, पणजीला आणि मडगावला बस बदलायची आणि तिथे पोहोचल्यावर पुढ्यात काय, तर एक रिकामे टेबल, कुलूप लावलेले कपाट आणि हजेरीचे मस्टर. पाच वर्षे ‘उत्तम’ असलेल्या माझ्या वार्षिक अहवालात त्या वर्षी ‘सहकार्याची वृत्ती नाही’ असा शेरा आला आणि त्याखाली सही त्याच गृहस्थांची होती. तक्रारदार स्त्रीचा अहवाल त्या माणसाला लिहू देऊ नये, अशी शिफारस करण्याची तरतूद नियमांत आहे, हे तेव्हा मला कोणीही सांगितले नाही. आज मी लिहिते ते त्यासाठी.

खोट्या तक्रारींचा आपला मुद्दा कलम 14 मध्येच निकालात निघतो : आरोप सिद्ध करता आला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात 2023 मध्ये छळाचा आरोप असलेल्या अध्यापकाची बडतर्फी रद्द झाली ती तक्रार खोटी म्हणून नव्हे, तर चौकशी घाईने उरकल्यामुळे, आणि ते प्रकरण पुन्हा समितीकडेच पाठवण्यात आले. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

पुन्हा लिहायचे असल्यास आपण स्वतःच्या नावाने लिहावे. काणकोणच्या त्या टेबलाला कांगावा म्हणणारी प्रतिक्रिया मी यापुढे इथे छापणार नाही.