पितळी कर्णा आणि कुत्र्याचं चित्र एवढ्यावर ग्रामोफोन जुना ठरत नाही

जुन्या वस्तूंची आवड असणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचं सार असं: पितळी कर्णा, पुढे कुत्र्याचं चिन्ह, यंत्रावर ठोकलेल्या पट्टीवर जुनं साल, आत विलायती मोटर आणि लावल्यावर गाणं वाजलं, की तो ग्रामोफोन १९०० च्या सुमाराचा अस्सल एचएमव्ही (हिज मास्टर्स व्हॉइस) समजावा. बिनकर्ण्याच्या काळ्या पेट्या मात्र नंतरच्या, किरकोळ. हे वाचून लोक पैसे घालवतात हे वाईटच, पण याच समजुतीपायी खरी जुनी यंत्रं मोडली जातात हे त्याहून वाईट. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी कर्णा. त्या काळी पितळी कर्णे होते, नाही असं नाही. पण बहुतेक यंत्रांना रंगवलेल्या पोलादी पत्र्याचा कर्णा असे. काळा, लाल किंवा निळा, अनेकदा पाकळ्यापाकळ्यांचा. महागड्या यंत्रांना ओक किंवा महोगनीचा लाकडी कर्णा मिळे. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने कर्णा कपाटाच्या पोटात दडवलेलं व्हिक्ट्रोला बाजारात आणलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत बाहेरचा कर्णा मागे पडत गेला. आज दुकानाच्या दारात झगमगणारा पिवळाधमक कर्णा बहुतेक वेळा नवा असतो. हात फिरवून पाहा. पत्रा पातळ लागतो, पाकळ्यांच्या सांध्यांवर डाख ओघळलेला असतो, कर्णा तोलणारी मागची कमान ओबडधोबड ओतीव पितळेची असते. खालची पेटी अष्टकोनी असली तर संशय आणखी बळावतो. असा माल आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर बनतो आणि परदेशातले संग्राहक तो लांबूनच ओळखतात.

कुत्र्याचं म्हणाल, तर चित्रकार फ्रान्सिस बॅरॉडच्या मूळ चित्रात कुत्र्यासमोर एडिसनच्या पद्धतीचा, सिलिंडर वाजवणारा फोनोग्राफ होता. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने, म्हणजे पुढे एचएमव्ही म्हणून ओळखल्या गेलेल्या कंपनीने, १८९९ मध्ये ते चित्र घेताना त्यावर आपलं तबकडीचं यंत्र रंगवून घेतलं. तरीही कंपनीच्या ब्रिटनमधल्या तबकड्यांवर १९०९ पर्यंत देवदूताचं चिन्हच होतं. तेव्हा '१९०२ सालचा' म्हणून दाखवलेल्या पेटीवर 'हिज मास्टर्स व्हॉइस' लिहिलेली जाड पितळी चकती स्क्रूने ठोकलेली दिसली, तर विक्रेत्याचं पुढचं बोलणं सांभाळून ऐकावं. अस्सल पेटीवर हे चित्र सहसा लाकडावर उठवलेल्या रंगीत छापाचं असतं, आणि इतक्या वर्षांत ते थोडंफार झिजलेलंही असतं.

पट्टीवरच्या सालाने तर भलेभले फसतात. कोलंबिया कंपनीच्या ग्राफोफोन नावाच्या यंत्रावरच्या पट्टीवर ४ मे १८८६ ही तारीख सापडते, आणि लगेच यंत्र १८८६ चं म्हणून जाहीर होतं. ती तारीख बेल आणि टेन्टर या ग्राफोफोनच्या शोधकांच्या पेटंटची आहे. पेटंटची मुदत असेपर्यंत कंपन्या ती तारीख वर्षानुवर्षं छापत राहत. पट्टीवर तारखांची रांग असेल तर शेवटची तारीख पाहावी. यंत्र त्यानंतरचं, एवढंच त्यावरून ठरतं. बाकीचं काम अनुक्रमांकाने आणि मॉडेलच्या नावाने होतं.

आता मोटर, कारण खरी गोम इथे आहे. मोटर विलायती असू शकते, अगदी अस्सलही असू शकते, आणि तरी यंत्र नकली असतं. स्वित्झर्लंडमधल्या सेंत-क्रोआ गावच्या पायार आणि थोरेन्स या कारखान्यांच्या मोटरी कितीतरी देशांतले पेटीवाले आपापल्या यंत्रांत बसवत. तेव्हा स्विस ठशावरून मोटर कुठली ते कळतं, पेटी कुठली ते नाही. आपल्याकडे त्याहून सर्रास चालणारा प्रकार म्हणजे जुनी पोर्टेबल, म्हणजे हातात नेण्याजोगी बिनकर्ण्याची पेटी घ्यायची, तिची मोटर, फिरती थाळी आणि साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरणारी आणि आवाज काढणारी डबी, काढायची, ते नव्या लाकडी पेटीत बसवायचं आणि वर कर्णा चढवायचा. उरलेलं खोकं भंगारात.

ही लबाडी साउंडबॉक्स उघड करतो. १९०५ च्या सुमाराच्या साउंडबॉक्समधली, आवाज काढणारी थरथरती चकती अभ्रकाची असते, उजेडात धरली तर अर्धपारदर्शक दिसते. एचएमव्हीच्या १०२ क्रमांकाच्या पोर्टेबलवरच्या साउंडबॉक्सची चकती ॲल्युमिनियमची, आणि हे मॉडेल १९३१ चं. 'शंभराहून जास्त वर्षं जुन्या' कर्ण्याखाली ॲल्युमिनियमची चकती दिसली की काय घडलंय ते कळतं. स्क्रूही पाहावेत. फुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. एखादा दुरुस्तीत बदललेला असू शकतो, पण पेटीचे सगळेच तसे असतील तर ती पेटी १९१० ची नव्हे.

राहिला वाजण्याचा पुरावा. चावी भरली, सुई टेकवली की नवं यंत्रही वाजतं. उलट रबर कडक झालेला किंवा निकृष्ट साउंडबॉक्स तबकडीची खाच खरवडतो, आणि बालगंधर्वांची किंवा हिराबाई बडोदेकरांची लाखेची तबकडी एकदा खरवडली की ती भरून येत नाही. पोलादी सुई तबकडीच्या एकाच बाजूपुरती वापरायची असते, हे तर अनेक दुकानदार सांगतही नाहीत.

म्हणून माझं म्हणणं त्या मजकुराच्या नेमकं उलट आहे. माळ्यावरची, काळं कापड फाटलेली, कर्णा नसलेली पेटी हीच बहुतेक घरांतली खरी जुनी वस्तू. तिचा कर्णा आतच असतो आणि तिचे सगळे भाग एका वयाचे असतात. मूळ शोधताना यापेक्षा मोलाचा पुरावा नाही. चोरबाजारात किंवा दारावर येणाऱ्या माणसाला ती देण्याआधी झाकणाच्या आतलं चित्र, साउंडबॉक्सवरचा क्रमांक आणि मोटरवरचा ठसा यांचे फोटो काढून ठेवा, आणि 'पेटी नको, नुसती मोटर द्या' म्हणणाऱ्याला काहीच देऊ नका.