कागद नसेल तर मालिबूचाच भाव द्या

जुन्या अमेरिकन मसल कार्सचे भाव चढले की लोक हॉर्सपॉवरचं कौतुक करत बसतात. अहो, शेव्हरोलेचं ४५४ घनइंची बिग ब्लॉक (मोठ्या ठोकळ्याचं) इंजिन आजही बांधून मिळतं. कॅमारो-मस्टंगच्या तर अख्ख्या बॉड्या नव्या मिळतात. लाखो डॉलर मोजले जातात ते गाडी कारखान्यातून अशीच निघाली होती या पुराव्यासाठी. १९७१ ची प्लिमथ कंपनीची हेमी कुडा कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला गेली. तशा गाड्या जेमतेम डझनभर बनल्या होत्या, आणि प्लिमथच्या चेसिस नंबरातलं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं : 'आर' म्हणजे ४२६ घनइंची हेमी इंजिन.

शेव्हरोलेच्या १९७० च्या शेव्हेलचं तसं नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. १३६३७ ने सुरू होणारा नंबर एवढंच सांगतो की ही व्ही-८ इंजिनाची मालिबू (शेव्हेलचीच एक आवृत्ती) कूपे आहे. आत साधं ३०७ घनइंची इंजिन होतं की ४५० हॉर्सपॉवरचं एलएस६ (४५४ चाच सर्वात दमदार प्रकार), याबद्दल तो गप्प. एसएस (सुपर स्पोर्ट) हे त्या वर्षी फक्त ऑप्शन पॅकेज होतं. एलएस६ बसवलेल्या गाड्या निघाल्या ४,४७५. आज 'एलएस६' म्हणून मिरवणाऱ्या सगळ्या त्यातल्याच असतील यावर माझा अजिबात विश्वास नाही. बॅज, बॉनेट, १२ बोल्टचा मागचा अॅक्सल, सगळं बोल्ट आवळून बसतं. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून आधी इंजिनाचा पॅड बघा. पॅसेंजरच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ती सपाट जागा असते. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर चुकूनही लावू नका. टॉर्च तिरपी धरा. 'टी' (टोनावांडा कारखाना), जुळणीचा महिना-तारीख आणि इंजिनाचा प्रकार सांगणारा तीन अक्षरी कोड एकत्र दिसतील. शेजारी चेसिस नंबरचा शेवटचा भाग ठोकलेला असेल. तोच गिअरबॉक्सवरही हवा. ब्लॉकच्या ओतकामाची तारीख जुळणीच्या आधीची आणि जुळणी गाडी बनण्याच्या आधीची असायला हवी. हा क्रम उलटला तर ते त्या गाडीचं इंजिन नव्हेच.

पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात, त्या कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या (दातेरी हत्याराने पृष्ठभाग तासण्याच्या). पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत किंवा गोल खुणांचा असेल तर तिथे नंतर मशीन फिरलंय. प्रामाणिक ओव्हरहॉलमध्येही असं होतं, पण नंबर परत ठोकणारेही हेच करतात. आणि एकदा रेघा गेल्या की दोघांतला फरक सांगायला फक्त कागद उरतो.

हा कागद म्हणजे बिल्ड शीट, गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी. पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत सापडते. कोड छापलेली वॉरंटीची धातूची पट्टी असली तर उत्तम, पण बनावट दोन्हींच्या निघतात. पाँटियाकच्या आणि १९६७ पासूनच्या फोर्डच्या कारखान्यातल्या नोंदी पैसे भरून मागवता येतात. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेंची ती सोय नाही, त्यामुळे इथेच सर्वाधिक फसगत होते.

गंजाचं थोडक्यात : मागच्या चाकांमागची फ्रेम, डिकीचा तळ, आणि व्हिनाइल रूफ असेल तर मागच्या काचेची कड.

घेतलीत तरी तेल जपून निवडा. या जुन्या इंजिनांतल्या फ्लॅट टॅपेट कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, सपाट टॅपेटवर घासत फिरणाऱ्या दांड्याला) तेलात जस्त लागतं, सुमारे १,२०० पीपीएम. आजच्या साध्या पेट्रोल इंजिनांच्या तेलात ते कमी ठेवतात, कारण त्यासोबत येणाऱ्या फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. जस्त कमी पडलं की कॅमचे लोब घासून सपाट होतात. एलएस६ चं ११.२५ कॉम्प्रेशन पंपावरच्या ९१ ऑक्टेनवर ठोके देतं. स्पार्कचं टायमिंग मागे घ्या किंवा रेसिंग पेट्रोल मिसळा. इथेनॉलने जुने रबरी पाइप फुगून तडकतात, ते आधीच बदलून टाका.

रविवारी फिरायलाच हवी असेल तर ३५० स्मॉल ब्लॉकची मालिबू घ्या. न्यू जर्सी, मिशिगनकडच्या आपल्या मंडळींनाही हेच सांगणं. विकणारा 'पॅडवर ग्रीस आहे, व्यवहार झाल्यावर पुसू' म्हणाला, तर किल्ली तिथेच ठेवून निघा.