तीस वर्षं झाली म्हणून इमारत पाडावीच लागते?

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'इमारतीला ३० वर्षं झाली की कायद्याने पुनर्विकास सक्तीचा.' हे खरं नाही.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधलं कलम ३५३-ब एवढंच सांगतं, की ३० वर्षांपुढच्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करा, त्याने सुचवलेली दुरुस्ती करा आणि तसं प्रमाणपत्र पालिकेला द्या. इमारत किती धोकादायक, त्यावरून तिचा वर्ग ठरतो. पाडण्याचा विषय येतो तो 'सी-१' वर्गात, म्हणजे इमारत अतिधोकादायक ठरली तर. 'सी-२अ' मध्ये इमारत किंवा तिचा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती होते, 'सी-२ब' मध्ये घरं रिकामी न करता. 'सी-३' म्हणजे किरकोळ कामं.

सळ्या गंजून फुगल्या, स्लॅबचे पोपडे पडले, की लोकांना वाटतं इमारत संपली. दर वेळी तसं नसतं. खराब काँक्रीट काढून, सळ्या साफ करून किंवा बदलून, पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा गिलावा) भरता येतं. कमकुवत खांबाला जॅकेटिंग, म्हणजे भोवती नवं मजबूत आवरण, करता येतं. मात्र गळती तशीच ठेवून नुसता रंग देणं म्हणजे दुरुस्ती नव्हे (आपल्याकडे बहुधा तेच होतं).

तेव्हा सोसायटीच्या सभेत आधी इंजिनिअरच्या तपासणीचा (ऑडिटचा) अहवाल मागा. बिल्डरचं माहितीपत्रक नंतर.