तीस गाणी आहेत, पण त्यातली वेगळी किती?

स्वतःची गाणी लिहून गाणाऱ्यांपैकी कुणी ‘माझी तीस गाणी तयार आहेत’ म्हणालं की मला हाच प्रश्न पडतो. चौथ्या गाण्याला श्रोत्यांची चुळबुळ सुरू होते, कारण त्यांच्या कानाला तेच गाणं चौथ्यांदा चाललंय असं वाटत असतं.

तपासायला एक कागद पुरतो. प्रत्येक गाण्यापुढे लिहा: पट्टी, लय (मेट्रोनोम म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रावर मोजून, अंदाजाने नको), ठेका, सुरुवात कशी होते, सगळ्यात वरचा सूर कोणता आणि गाण्यात कोण कुणाशी बोलतंय. बहुतेकांच्या कागदावर ‘जी’ (G) पट्टी, मिनिटाला ९० ते १०० ठोक्यांची लय, चार मात्रांचा ठेका आणि ‘तू’कडे ‘मी’ची तक्रार, हेच वरपासून खालपर्यंत उतरत जातं. दोष उजव्या हाताचा. गिटार मांडीवर आली की हात सवयीचं स्ट्रमिंग (तारा छेडण्याची ठरावीक पद्धत) धरतो आणि चाल मुकाट त्याच्यामागे जाते.

म्हणून पुढचं गाणं त्या कागदावरच्या रिकाम्या जागेसाठी लिहावं, असं माझं ठाम मत आहे. सहा मात्रांचं एकही नाही? गिटार बाजूला ठेवा, मांडीवर दादरा धरा, धा धी ना धा ती ना, आणि ओळ गुणगुणा. नेहमीच्या ठेक्यातली ओळ इथे अडखळते, वेगळ्या वजनाचे शब्द शोधावेच लागतात. कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) नंतर. पट्टी तीच ठेवूनही नाद बदलता येतो: ‘ई’ (E) पट्टी हवी असेल तर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) गिटारच्या दुसऱ्या घरावर लावून ‘डी’ (D) पट्टीतल्या कॉर्डचे आकार धरा, नाहीतर चौथ्यावर लावून ‘सी’चे (C).

दुसऱ्यांची गाणी दोन-तीन बस्स, तीही आपल्याकडे नसलेल्या जातीची.

४५ मिनिटांच्या कार्यक्रमात चार-चार मिनिटांची नऊ गाणी होतात. उरलेला वेळ बोलण्यात आणि तारा जुळवण्यात जातो. तयार मात्र पंधरा हवीत, कारण गोंगाटाच्या जागी हळुवार गाणी वाहून जातात. वरच्या सुरांची दोन गाणी लागोपाठ नकोत, दुसऱ्यात गळा आवळतो. सहावी म्हणजे सगळ्यात जाड तार ‘डी’ सुरापर्यंत उतरवून वाजवायची गाणी मात्र सलग घ्या. सारखी वरखाली केलेली तार गाण्याच्या मध्यातच सरकते.

महिनाभर न गायलेलं गाणं घेण्याआधी उभं राहून, कागद न बघता पूर्ण म्हणा. अडतं ते बहुधा दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या शब्दाशी. तो शब्द यादीत गाण्याच्या नावापुढे ठळक लिहून ठेवा.