‘बाहेरचं दिसतं, आतलं दिसत नाही’: ब्लाइंडच्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

दर मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की एक फॉरवर्ड पुन्हा जिवंत होतो, तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला असणार. मजकूर थोडक्यात असा, की पडदे काढून टाका आणि खिडक्यांना सनस्क्रीनचे रोलर ब्लाइंड (पाइपावर गुंडाळले जाणारे जाळीदार पडदे) लावा, हा खास विणलेला कपडा आहे, आतून बाहेरचं सगळं दिसतं पण बाहेरच्याला आतलं काहीच दिसत नाही, दिवसा पण आणि रात्री पण. ९५ टक्के यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) अडवतो म्हणजे ९५ टक्के गरमी बाहेरच्या बाहेर, एसी लागतच नाही. रंग पांढराच घ्या, पांढरा थंड. बेडरूमला ब्लॅकआउट लावा, १०० टक्के अंधार. आणि कपडा जितका महाग तितका चांगला. शेवटी हात जोडलेले चार इमोजी आणि ‘जनहितार्थ’.

आता मी स्वतः ठाण्यात पडदे-ब्लाइंडचंच काम करतो, मापं घेण्यापासून फिटिंगपर्यंत, त्यामुळे या फॉरवर्डने माझाच धंदा वाढतो, खरं तर गप्प बसायला पाहिजे. पण होतं काय की लोक हा मेसेज दाखवून ऑर्डर देतात आणि पंधरा दिवसांनी तक्रारीचा फोन मलाच येतो, मेसेज लिहिणाऱ्याला नाही.

पहिली थाप सगळ्यात मोठी आहे, ती दिवस-रात्रवाली, म्हणून तिच्यावरच जरा जास्त बोलतो.

हा कपडा असतो काय ते आधी बघा. पॉलिस्टरचा किंवा फायबरग्लासचा धागा, त्याच्यावर पीव्हीसीचं आवरण चढवलेलं, आणि तो उभा-आडवा असा विणलेला की मध्ये बारीक बारीक भोकं राहतात. वजनाने बघितलं तर निम्म्याहून जास्त पीव्हीसीच असतं, म्हणूनच हात लावला की कपड्यापेक्षा प्लॅस्टिकच्या चटईसारखं लागतं. या भोकांची एकूण जागा किती टक्के, त्याला आमच्या लाइनीत ओपननेस म्हणतात. १, ३, ५, १० असे आकडे सॅम्पलच्या पुस्तकात मागच्या बाजूला लिहिलेले असतात आणि कुणी वाचत नाही. ५ टक्के म्हणजे शंभर भागांत पाच भाग नुसती हवा. आता मला सांगा, भोकाला दिशा असते का? ज्या भोकातून तुम्ही खालचा भाजीवाला बघता त्याच भोकातून भाजीवाल्याला तुम्ही दिसू शकता, मध्ये कुठे वॉचमन बसवलेला नाही.

मग दिवसा का दिसत नाही, तर बाहेर ऊन असतं म्हणून. भर दुपारच्या उन्हात उजेड १ लाख लक्सच्या आसपास जातो आणि त्याच वेळी तुमच्या हॉलमध्ये तो फार तर काहीशे लक्स असतो. बाहेरून बघणाऱ्याच्या डोळ्यात कपड्यावरून उलटलेलं ऊनच इतकं जातं की भोकांमागचा अंधुक हॉल त्यात बुडून जातो. अंधार पडल्यावर तुम्ही ट्यूब लावली की सगळं उलटं. आत शे-दीडशे लक्स, बाहेर रस्त्याच्या दिव्याचे दहा-वीस. आता स्टेज आत आणि पब्लिक बाहेर.

आपल्याकडे जुन्या काळी बायका चिकाच्या पडद्याआड बसून बैठकीतलं सगळं बघायच्या-ऐकायच्या, त्यांना कोणी बघू शकायचं नाही. त्या काड्यांच्या पडद्यात काही जादू नव्हती, त्यांची बाजू अंधारी असायची एवढंच. मागे कोणी मशाल घेऊन उभं राहिलं असतं तर सगळी बैठक मान वळवून तिकडेच बघत बसली असती. पोलीस चौकशीच्या खोलीतली ती आरशासारखी काच असते ना, तिचंही तसंच, बघणाऱ्यांच्या खोलीत अंधार ठेवतात म्हणून ती चालते, तिकडे दिवा लावला की संपलं.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, माझ्याच हातून झालेली चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका काकांच्या हॉलला ५ टक्क्याचा ग्रे स्क्रीन लावला. दुपारी बारा वाजता फिटिंग झालं, काका खाली जाऊन बघून आले, एकदम खूश, काहीच दिसत नाही म्हणाले. मी पण ‘प्रायव्हसीची चिंता सोडा’ असं बोलून पैसे घेऊन निघालो, ‘दिवसा’ हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. महिन्याभराने रात्रीची मॅच होती, आपण जिंकलो, आणि काका बनियन-लुंगीवर हॉलभर नाचले. दुसऱ्या दिवशी समोरच्या विंगमधला सातवीतला पोरगा गेटपाशी भेटला आणि म्हणाला, आजोबा काल भारी नाचलात. काकांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

उपाय सोपा आहे पण फॉरवर्डमध्ये नसतो, कारण त्यात खर्च वाढतो. रात्रीसाठी दुसरा थर लागतो. एकाच ब्रॅकेटवर दोन रोलर बसतात, पुढे स्क्रीन आणि मागे डिमआउट, म्हणजे बिनभोकाचा, बराचसा उजेड अडवणारा कपडा, किंवा स्क्रीनच्या जोडीला साधा जाड कापडी पडदा, जो तुम्ही फॉरवर्ड वाचून भंगारात दिलात. ओपननेस ५ वरून १ केला तर रात्री आकृत्या कमी स्पष्ट दिसतात, पण खिडकीजवळ उभा असलेला माणूस कळतोच. झेब्रा ब्लाइंडमध्ये जाळीचे आणि भरीव असे पट्टे आलटून पालटून असतात, भरीव पट्टे बरोबर जुळवले तर रात्रीचं काम बऱ्यापैकी होतं, पट्ट्यांच्या कडेने थोडी फट राहते पण चालून जातं.

बरं, आता ती ९५ टक्क्यांची गोष्ट. आकडा खोटा नाहीये. ५ टक्के ओपननेसचा कपडा साधारण ९५ टक्के यूव्ही अडवतो, कारण धागा यूव्ही जाऊ देत नाही आणि उरलेले भोकांतून येतात. पण यूव्ही म्हणजे गरमी हे कोणी सांगितलं? उन्हाच्या एकूण शक्तीत यूव्हीचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांच्या घरात, बाकी सगळं डोळ्याला दिसणारा उजेड आणि न दिसणारे इन्फ्रारेड, त्यातही निम्मं इन्फ्रारेड. यूव्ही अडवल्याचा फायदा होतो तो सोफ्याच्या कापडाचा आणि लाकडाचा रंग लवकर उडत नाही याचा, तुमच्या घामाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

आणि मुख्य मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे ब्लाइंड काचेच्या आत आहे. ऊन काच ओलांडून आत आलं, ब्लाइंडवर पडलं, थोडं उलटून परत बाहेर गेलं, बाकीच्याने ब्लाइंड तापला. आता तो तापलेला कपडा जी उष्णता सोडतो ती काचेतून सरळ बाहेर जाऊ शकत नाही, ती खोलीतच फिरते. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत बसताना चटका बसतो ना, तोच प्रकार, फक्त इथे कमी. म्हणजे ब्लाइंडने फरक पडतच नाही का? पडतो, चांगला पडतो, नुसत्या काचेपेक्षा खोली नक्की कमी तापते आणि अंगावर थेट ऊन येत नाही हे मोठंच सुख आहे. पण ९५ टक्के नाही आणि एसी विकून टाकण्याइतका तर नाहीच नाही.

गरमी अडवायची तर ती काचेच्या बाहेर अडवावी, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. बाल्कनीत बाहेरून सोडलेली बांबूची चिक, खिडकीवरचा छज्जा, हे आतल्या महागड्या ब्लाइंडपेक्षा जास्त काम करतं. (वाळ्याचे पडदे ही वेगळी गोष्ट, त्यावर पाणी मारलं की ते सुकताना हवा गार करतात, नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मस्त, आमच्या ठाण्यात मे महिन्यात लावले तर घाम आणखी वाढेल.) आतूनच लावायचं असेल तर दुकानदाराकडे त्या कपड्याचे तीन आकडे मागा, ऊन किती टक्के उलटवतो, किती शोषतो आणि किती आत सोडतो. तिन्हींची बेरीज १०० येते. त्यातला पहिला आकडा मोठा हवा. दुकानदार डोकं खाजवायला लागला तर पुस्तकाचं मागचं पान तुम्हीच उघडा, चांगल्या कंपनीचं असेल तर तिथे असतात.

तिथूनच पांढऱ्यावर येतो. पांढरा ऊन जास्त उलटवतो हे खरंच आहे, काळा शोषतो आणि तापतो. पण पांढऱ्याचा त्रास फॉरवर्डवाल्याने भोगलेला दिसत नाही. पश्चिमेच्या खिडकीत दुपारी चारचं तिरकं ऊन पांढऱ्या स्क्रीनवर पडलं की अख्खा कपडा पेटल्यासारखा चमकतो, उन्हात वाळत घातलेल्या धुतलेल्या धोतराकडे बघा म्हणजे कळेल. समोर लॅपटॉप घेऊन बसलात तर अर्ध्या तासात डोकं दुखतं. आणि बाहेरचं दृश्य दुधात कालवल्यासारखं दिसतं. काळ्या-ग्रे कपड्यातून मात्र बाहेरचं झाड स्वच्छ दिसतं, डोळे दिपत नाहीत. रात्रीचं परत उलटं, पांढरा कपडा आतल्या दिव्याने स्वतःच उजळतो म्हणून बाहेरच्याला आतलं थोडं धूसर दिसतं, गडद कपड्यातून जास्त साफ. म्हणजे ज्याला हॉलमधून येऊरचे डोंगर बघायचेत त्याने गडद, ज्याची समोरची बिल्डिंग वीस फुटांवर आहे आणि बघण्यासारखं काहीच नाही त्याने खुशाल फिका. दोन्ही हवं असेल तर एका बाजूने फिका किंवा चंदेरी आणि दुसऱ्या बाजूने गडद असेही कपडे मिळतात, फिकी बाजू काचेकडे ठेवायची. फिटरने घाईत उलटा लावला तर तोंडावर सांगा, लाजू नका.

सगळ्या घराला एकच ओपननेस घेऊ नका हेही जाता जाता. पश्चिमेला १ किंवा ३, उत्तरेला ५-१० चालतो कारण तिकडे थेट ऊन फारसं येत नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्याकडे डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो खरा, पण त्यातला बराच काळ ढगच असतात.

ब्लॅकआउट. कपडा स्वतः अंधार करतो यात वाद नाही, विणलेल्या कापडाच्या पाठीवर फोमचे थर चढवतात, त्यातला मधला काळा, त्यातून टॉर्चही आरपार जात नाही. डिमआउट वेगळा, त्यात लेप नसतो, विणतानाच मधे काळा धागा घालतात, त्यामुळे तो मऊ पडतो आणि थोडा उजेड झिरपतो, लोक दोन्हींत गल्लत करतात. पण १०० टक्के अंधार कपड्याचा आहे, खोलीचा नाही! रोलरच्या एका टोकाला चेनचं यंत्र आणि दुसऱ्या टोकाला पिन, या दोघांना जागा लागते म्हणून कपडा दोन्हीकडून दीड-दोन सेंटीमीटर आखूडच असतो. चौकटीच्या आत बसवला की सकाळी दोन्ही कडांना उजेडाच्या दोन पांढऱ्या रेघा. एका नर्सताईंची नाइट ड्युटी असायची, सकाळी आठला येऊन झोपायच्या, त्यांनी महागातला ब्लॅकआउट दुसरीकडून घेतला होता आणि झोप काही लागेना. कपडा बदलायचा म्हणून मला बोलावलं. मी कपड्याचा प्रकार तोच ठेवला, फक्त मोठ्या मापाचा नवा रोलर करून चौकटीच्या बाहेर भिंतीवर लावला, दोन्ही बाजूंना आठ-दहा सेंटीमीटर जास्त झाकेल असा. जुना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला कापून बसवला. अगदीच कडक अंधार हवा तर बाजूला चॅनेल लावतात, त्यात कपड्याच्या कडा सरकतात, पण ते दिसायला थोडं दवाखान्यासारखं दिसतं असं माझं मत.

महाग म्हणजे चांगला, यावर फार बोलत नाही. रुंद खिडकीला बारीक पाइप लावला तर तो मध्ये वाकतो आणि कितीही भारी कपडा असला तरी त्याला व्हीसारख्या घड्या पडतात, एवढं लक्षात ठेवा. आणि स्क्रीनचा कपडा मशीनमध्ये टाकू नका, ओल्या फडक्याने पुसा, पावसाळ्यात धूळ आणि ओल एकत्र आली की पीव्हीसीवरही काळे ठिपके धरतात.

एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नाही पण घरात लहान मूल असेल तर सगळ्यात आधी ही बघा. ब्लाइंडची लोंबती चेन ही गळ्यात अडकणारी माळ आहे. युरोपातल्या नियमात ती जमिनीपासून दीड मीटर वर हवी किंवा भिंतीला ताणून बांधलेली हवी. ते छोटं प्लॅस्टिकचं क्लिप बॉक्समध्येच येतं आणि बहुतेक फिटर ते खिशात घालून जातात, मागून घ्या.

आणि खरेदीच्या आधी सॅम्पलचा मोठा तुकडा घरी मागा. रात्री आठला खिडकीला चिकटवा, दिवा लावा, एकाने आत उभं राहायचं, एकाने समोरच्या विंगच्या जिन्यात जाऊन बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

त्या काकांना मी नंतर मागचा डिमआउट मजुरी न घेता लावून दिला. आता मॅचच्या दिवशी ते टॉसच्या आधीच तो खाली सोडतात, आणि परवा त्या पोराने त्यांना गेटपाशी विचारलं म्हणे, आजोबा, काल मॅच नाही बघितलीत का?