पाकिटावर रोझमेरी, आत नुसतं मीठ

परत तेच! चिप्सच्या पाकिटावर रोझमेरी या सुगंधी वनस्पतीची हिरवीगार डहाळी, आणि चिप तोंडात टाकली की मीठ, कांद्याची पूड आणि सायट्रिक आम्लाचा चटका. अरे, रोझमेरी कुठाय? मागची घटकांची यादी वाचा. ती सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) वर, साखर वर, आणि जिच्या नावावर पाकीट विकलं ती पार तळाला. कधी तर तीही नाही, फक्त ‘नैसर्गिक स्वाद’!

चिप्समध्ये हा स्वाद उतरवायचं काम अवघड आहे, मान्य. या पानांचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो आणि तळणीचं तेल 170-180 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं. म्हणूनच मसाला तळल्यावर भुरभुरतात. मग भुरभुरा ना हात सैल सोडून! शेपूचं तर मला खरंच वाईट वाटतं. सुकवल्यावर त्याचा वास आधीच मंदावतो, त्यात घालायचा चिमूटभर. खाणाऱ्याला कळणार काय?

आणि जिथे चव जाणवते तिथे दुसरंच टोक. पुदिन्याच्या नावाखाली थेट टूथपेस्टचा गारवा. ताजं पान चुरडून कधी हुंगलंय का या चिप्सवाल्यांनी?