‘ताप नाही ना, मग घाबरू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरात गारठा वाढला की हा मेसेज आमच्या मानेवाड्याच्या ग्रुपवर येतोच: “सर्दी झालेलं बाळ झोपेत श्वास थांबवतं ते कफामुळे. उशाशी कापूर-ओव्याची पुरचुंडी ठेवा, पालथं झोपवा. ताप नसेल तर दवाखाना नको.”

आधी कफाचं. तान्हं बाळ झोपेत भराभर श्वास घेतं, पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू होतं. ओठ गुलाबी असतील तर हे निरोगी बाळातही चालतं. पण थांबणं 20 सेकंदांवर गेलं, किंवा कमी वेळातही ओठ निळे पडले, अंग लुळं झालं, तर तो धोका आहे. नुसत्या कफाची ही गोष्ट नाही. मेंदूतलं श्वासाचं केंद्र या वयात कच्चं असतं, आणि आरएसव्हीसारख्या सर्दीच्या विषाणूने त्याची लय बिघडते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत जास्तच.

तापाच्या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो. माझ्या बहिणीचं बाळ पाच आठवड्यांचं होतं, चौतिसाव्या आठवड्यात जन्मलेलं. ताप नाही, खोकला नाही. फक्त नाक गळत होतं, आणि दूध पिता पिता दोनदा तोंड बाजूला केलं. रात्री दुपटं सारलं तर पोट उडत होतं, बरगड्यांखाली खळगा पडत होता. मग सगळंच थांबलं. नखं जांभळी. तळपाय जोरात चोळले तेव्हा श्वास आला. 108 ला फोन केला, पुढे तपासणीत आरएसव्ही निघाला. डांग्या खोकल्यातही इतकी लहान बाळं कधी कधी खोकत नाहीत, नुसता श्वास थांबतो. म्हणून सहाव्या आठवड्याची लस पुढे ढकलू नका.

कापूर नकोच. पोटात गेला तर झटके येतात, आणि त्याचा उग्र वास नाकाशी असला तर तान्ह्याचा श्वास अडू शकतो. शेगडीची धुरी त्याहून वाईट. नाक चोंदलं तर दूध पाजण्याआधी सलाइनचे थेंब घाला.

पालथं झोपवणं म्हणजे झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका वाढवणं. उताणं झोपवा, सर्दी असली तरी.

आणि आज रात्रीच, बाळ शांत झोपलं की घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा, पोट किती वेळा वर येतं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा. तेवढेच आले तर सकाळची वाट पाहू नका.